काकडी निवडावी आभाळ पाहून

गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर पुरंदर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा होतो. त्यांनी काढलेल्या काकड्यांचा ढीग समोर होता आणि व्यापारी तो न घेताच निघून गेला होता. काकडी देठाकडे बोटाएवढी बारीक, मध्ये वाकलेली आणि टोकाकडे भोपळ्यासारखी फुगलेली. पाकिटावरच्या चित्रात मात्र ती सरळ, गुळगुळीत, फूटभर लांब आणि बिनबियांची होती. एकेका बियाचा हिशेब करावा एवढं महाग बी आणून त्यांनी मल्चिंगवर, ठिबकवर, अगदी निगुतीने लावलं होतं. ‘‘बियाणं बोगस निघालं, दुसरं काय,’’ ते म्हणाले.

मी एक काकडी उभी चिरली. देठाकडच्या बारीक भागात एकही बी नव्हतं, पाण्याने भरलेला गर तेवढा. फुगलेल्या टोकाला मात्र पंधरा-वीस भरलेल्या बिया दाटीने बसलेल्या. शेजारच्या बांधापलीकडे साध्या खिऱ्याचा वेल पसरला होता आणि त्याच्या पिवळ्या फुलांवर फुलोरी माश्या घोंगावत होत्या. कोडं तिथेच सुटलं. बियाणं बोगस नव्हतं. ते पॉलीहाऊससाठी केलेलं बियाणं होतं आणि ते उघड्या आभाळाखाली लावलं गेलं होतं.

पॉलीहाऊसची काकडी परागीभवनाशिवाय धरते. तिच्या वेलाला बहुतेक मादी फुलंच येतात, बारीक जाळीमुळे कीटक आत येत नाहीत, आणि फुलाखालची कोवळी काकडी परागाची वाट न पाहता वाढू लागते. म्हणून तिच्यात बी नसतं आणि आकारही एकसारखा राहतो. हाच वेल मोकळ्यावर आला की मधमाशी शेजारच्या शेतातला पराग आणून टाकते. थोड्याच बीजांडांचं फलन होतं, ती बहुधा टोकाकडची असतात. बी धरलं की ते वाढीची संप्रेरकं सोडतं आणि फळाचा तेवढाच भाग फुगतो. बाकीचा तसाच राहतो.

आपल्या साध्या काकडीचं गणित याच्या अगदी उलट. तिला मधमाशी हवीच. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढी, लव असलेली इवलीशी काकडी असते, नर फुलाखाली नुसता देठ. हे मादी फूल सकाळी उमलतं आणि त्याची मुदत एका दिवसाची. तेवढ्या वेळात सातेरी किंवा फुलोरी माशीच्या पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत, तर काकडी वाकडी होते, नाहीतर पिवळी पडून गळते. फुलोऱ्यातल्या काकडीवर सकाळी कीटकनाशक फवारणं म्हणजे आपलंच पीक आपल्या हाताने खुडणं. फवारणी करायचीच असेल तर ती संध्याकाळी, फुलं मिटल्यावर.

तेव्हा बियाण्याच्या दुकानात विचारायचा पहिला प्रश्न ‘माल किती निघेल’ हा नव्हे. हे बी कोणत्या आभाळाखालचं आहे, हे आधी विचारावं. छप्पर असलेल्या की उघड्या? पावसाच्या की उन्हाच्या? काकडीच्या बाबतीत हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण काकडी मुळात आपल्याच आभाळाखाली घडली आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी आजही काकडीची रानटी बहीण सापडते. फळ अंड्याएवढं आणि तोंडात धरवणार नाही इतकं कडू. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भारतात माणसाने तिला माणसाळवलं आणि इथून ती चीनकडे, इराणकडे, युरोपात गेली. काकडीचा संपूर्ण जनुकसंच 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर 2013 मध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या गटाने जगभरातल्या 115 काकड्यांचे जनुकसंच ताडून पाहिले. त्यांचे चार गट पडले: भारतीय, युरेशियन, पूर्व आशियाई आणि चीनच्या युनान प्रांतातल्या शीश्वांगबान्ना भागातला नारिंगी गराचा. या चारांत सर्वाधिक विविधता भारतीय गटात होती. बाकीच्या जगाने आपल्या पेटाऱ्यातलं थोडंथोडं बी नेलं आणि त्यातूनच आपापल्या हवामानाच्या काकड्या घडवल्या. पेटारा अजून आपल्याकडे आहे.

तो पेटारा उघडा पाहायचा तर पावसाळ्यात कोकणात जावं. श्रावण-भाद्रपदात सिंधुदुर्गात आणि गोव्यात जी दांडगी काकडी दिसते तिला तवसं म्हणतात. कोवळं असताना हिरवं, पिकलं की पिवळं-तांबूस आणि सालीवर बारीक जाळी. गणपतीच्या मूर्तीवर बांधायच्या माटवीला, गोव्यातल्या माटोळीला, इतर रानफळांबरोबर ते टांगलं जातं. पिकलेलं तवसं दोरीच्या शिंक्यात घालून घरातच लटकवून ठेवतात, ते बरेच दिवस टिकतं; मग ते किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, खालीवर निखारे ठेवून धोंडस नावाचा गोड पदार्थ भाजतात. सॅलडमधली काकडी फ्रिजमध्ये आठवड्यात लिबलिबीत होते, कारण दहा अंशांखालची थंडी या फळाला सोसत नाही. तवसं मात्र जाड सालीच्या बळावर दमट माजघरातही तग धरतं.

कोकणात पावसाळी काकडीची खरी लढाई असते ती केवडा रोगाशी. सकाळी पान उलटून पाहावं. वरून पिवळे ठिपके दिसतात, पण ते गोल नसतात. शिरांनी अडवलेले, कोनाकोनांचे असतात. खाली त्याच जागी राखाडी-जांभळट बुरशीचा थर. पान काही तास सलग ओलं राहिलं की या रोगाला आत शिरता येतं आणि जुलैच्या कोकणात पान कोरडं राहतंच कधी? नाजूक वाण अशा हवेत आठ-दहा दिवसांत करपून जातो. म्हणून मांडव महत्त्वाचा. वेल जमिनीवरून उचलला की खालून वारा फिरतो, पान लवकर सुकतं, फळ मातीला लागून सडत नाही. आणि म्हणूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘शीतल’ हा वाण मोलाचा. डोंगरउताराच्या हलक्या ते मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत आणि जास्त पावसाच्या प्रदेशात तो चांगला येतो, उगवणीनंतर 45 दिवसांच्या सुमारास फळं लागतात आणि कोवळं फळ 200 ते 250 ग्रॅमचं भरतं.

या केवड्याची एक गोष्ट साऱ्या जगाच्या कामी आली आहे. अमेरिकेच्या बियाणे संग्रहात भारतातून गेलेली एक काकडी आहे, नोंद क्रमांक 197087. तिच्यातली केवड्याला तोंड देण्याची शक्ती दक्षिण कॅरोलिनातल्या पैदासकारांनी 1960च्या दशकात ‘पॉइनसेट’ या वाणात उतरवली आणि पुढची काही दशकं तिथल्या काकडीला या रोगाची फारशी धास्ती राहिली नाही. 2004 मध्ये रोगाचं नवं रूप आलं आणि अमेरिकेच्या पूर्वेकडची शेतं पुन्हा करपली. पैदासकारांनी पुन्हा जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा नव्या रोगापुढेही खंबीर उभ्या राहणाऱ्या काकड्यांत एक होती क्रमांक 197088. तीही भारतातलीच, रजिस्टरात पहिलीच्या अगदी शेजारी नोंदलेली. आपल्या परसातलं एखादं तवसं असं काय पोटात घेऊन बसलं आहे, हे ते नाहीसं होण्याआधी कळायला हवं. मला या विषयात सर्वांत जास्त तळमळ आहे ती याच गोष्टीची.

घाट चढून देशावर आलं की शत्रू बदलतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत केवडा मागे पडतो आणि पानावर पीठ शिंपडल्यासारखी भुरी दिसू लागते. तिला पान ओलं असण्याची गरज लागत नाही. पण देशावरची उन्हाळी काकडी अडते ती मुख्यतः फुलांपाशी. काकडीच्या वेलाला नर फुलं किती आणि मादी किती, हे हवामान ठरवतं. दिवस मोठा आणि हवा गरम असली की नर फुलांची संख्या वाढते. दिवस लहान आणि हवा सौम्य असली की मादी फुलं वाढतात. वेलाच्या आतला यातला मुख्य कारभारी इथिलीन वायू, तोच जो आंबा-केळी पिकवतो. काकडीच्या शेंड्यात इथिलीन वाढलं की कळी मादीकडे झुकते. म्हणूनच वेल दोन आणि चार पानांवर असताना इथिलीन सोडणाऱ्या इथरेलची सौम्य फवारणी करण्याचा सल्ला दिला जातो.

‘एप्रिलमध्ये वेल एवढा माजला, पण काकडीच धरत नाही,’ ही गच्चीवर बाग करणाऱ्यांची नेहमीची तक्रार. खताला दोष देऊन उपयोग नाही. बी महिनाभर उशिरा टोकलेलं असतं. उन्हाळी काकडी जानेवारी-फेब्रुवारीत, थंडी ओसरताच लावावी. बी रुजायला माती गरम लागते, पंधरा अंशांखाली ते जमिनीतच कुजतं. पारा 38च्या पुढे गेला की परागाचा जोर ओसरतो, तोवर तोडे निम्म्यावर यायला हवेत. या हंगामाला ‘पूना खिरा’ अजूनही भरवशाचा आहे. फळ आखूड, रंग हिरवट किंवा पिवळट-तांबूस, वेल लवकर फळावर येणारा. हेक्टरी उत्पादन 13 ते 15 टन, म्हणजे संकरित वाणांपुढे कमी. पण तो उन्हाला घाबरत नाही आणि त्याचं बी घरी धरता येतं. याच पूना खिऱ्याचा संकर ‘कल्याणपूर अगेती’शी करून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पांढऱ्या सालीची ‘हिमांगी’ दिली. राहुरीचाच ‘फुले शुभांगी’ हा हिरव्या फळांचा वाणही देशावर चांगला चालतो.

उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की काकडी कडू होते, हे घरोघरी माहीत आहे. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा. वेल तो किडीपासून बचावासाठी तयार करतो. 2014 मध्ये त्याची जनुकीय कळ सापडली: पानातलं कडू द्रव्य सुरू करणारं एक जनुक, फळातलं सुरू करणारं दुसरं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू फळांचं बी राखताना हे फळातलं जनुक मंद करत आणलं. मंद केलं, काढून टाकलं नाही. पाण्याचा ताण पडला किंवा दिवसरात्रीच्या तापमानात मोठी तफावत आली की काही वाणांत ते पुन्हा जागं होतं. द्रव्य देठाकडे आणि सालीखाली जास्त साठतं. टोक कापून चोळण्याची आपली रीत आहे. त्यात खरा उपयोग चोळण्याचा नाही, देठाकडचा तुकडा कापून टाकण्याचा आहे.

थंड हवेची काकडी हा निराळा प्रांत. हिमाचलात कुलू खोऱ्यातल्या कटराईं इथल्या केंद्रात जपानी मादीफुली वाण आणि ‘ग्रीन लाँग नेपल्स’ यांच्या संकरातून ‘पुसा संयोग’ तयार झाला. त्याच केंद्राने लोकप्रिय केलेला ‘जपानी लाँग ग्रीन’ लांब, फिक्या गराचा आणि लवकर येणारा. डोंगरी थंडाव्यात हे उत्तम. पण मादीफुली वाणांची एक खोड अशी, की खूप उष्णता मिळाली की ते आपला गुण सोडून नर फुलं काढू लागतात. मे महिन्यातल्या जळगावात किंवा नांदेडात त्यांच्याकडून कुलूची अपेक्षा धरू नये.

लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या परसात आईने दिलेलं कोकणातलं बी लावणाऱ्या मराठी माणसांनाही हेच सांगणं आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, लंडनमध्ये साडेसोळा तासांहून जास्त. एवढ्या लांब दिवसांत आपला वेल आधी नर फुलांनीच भरतो आणि मादी फुलं धरेपर्यंत थंडी दारात येते. तिथे बी घरातल्या खिडकीत, कुंडीत रुजवावं, हिमतुषाराची भीती संपल्यावरच रोप बाहेर न्यावं आणि रोजच्या काकडीसाठी तिथलाच लवकर येणारा वाण सोबत ठेवावा. भूमध्य समुद्राकाठच्या उन्हात घडलेली इस्रायलची आखूड, पातळ सालीची ‘बेत अल्फा’ काकडी चवीला आपल्या माणसाला नक्की आवडेल.

आता एक विनंती. तुमच्या घरी, मामाच्या गावी, शेजारच्या वाडीत जुनं तवसं किंवा खिरा असेल तर या वर्षी त्याचं बी धरा. चिबूड किंवा वाळूक शेजारी असलं तरी चिंता नको. त्यांच्या गुणसूत्रांच्या बारा जोड्या आणि काकडीच्या सात, त्यांचा संकर होत नाही. भेसळ होते ती दुसऱ्या काकडीची. म्हणून उद्या उमलणारं एक मादी आणि एक नर फूल आज संध्याकाळीच दोऱ्याने हलकेच बांधून ठेवा. सकाळी नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा गुंडाळा. ते फळ तोडू नका. साल पिवळी-तांबूस होऊन कडक झाली की कापा, बी गरासकट एक-दोन दिवस आंबू द्या, धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत घालून ठेवा. पाकिटावर गाव, महिना आणि पाऊस की ऊन, एवढं लिहा.

संकरित वाणाचं बी मात्र असं धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण फुटतात.