दाणा ओलीला भिडला पाहिजे

म्हैसूर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात जुलै लागला की रागीच्या पेरणीची लगबग सुरू होते. रागी म्हणजे आपली नाचणी. जमीन तांबडी, वाळूसर. पाणी चटकन पिणारी आणि चटकन सोडणारी. दाणा तर इतका बारीक की एका ग्रॅममध्ये चारशेच्या आसपास बसतात. तो दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल गेला तर कोंब वर यायला दमतो, आणि वरच राहिला तर दोन दिवसांच्या उन्हात भोवतालची माती कोरडी पडते. ही एवढीशी जागा अचूक साधायची, तीही पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या लाकडी अवजाराने किंवा झिजलेल्या ट्रॅक्टर-पेरणी यंत्राने. हे कसे जमते आणि कुठे बिघडते, यामागचे विज्ञान आपल्या सोयाबीन, ज्वारी, हरभऱ्यालाही तितकेच लागू आहे.

कन्नड मुलखातले पारंपरिक पेरणीचे अवजार म्हणजे कूरिगे. आपल्या पाभरीचे ते सख्खे भावंड. आडव्या लाकडाला फण, प्रत्येक फणामागे बांबूची नळी आणि सगळ्या नळ्या वर एका चाड्यात एकवटलेल्या. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर 1800 साली फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूरच्या मुलखातून फिरला. 1807 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात इथल्या शेतीची आणि अवजारांची बारकाईने केलेली वर्णने आहेत. त्याच्याही आधी कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याला आंध्रात अशीच पाभर दिसली. पेरणी यंत्र ही युरोपातली अलीकडची कल्पना, असा त्याचा समज होता. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलच्या पेरणी यंत्राचा काळ 1701 च्या सुमाराचा. इकडे तर सामान्य शेतकरी ते सहज वापरत होता. दक्षिण भारतातल्या या पेरणीविषयी हॅलकॉटने लिहिलेली पत्रे 1797 मध्ये इंग्लंडच्या कृषी मंडळाने छापली.

या अवजाराचे मोठेपण दाणे ओळीत टाकण्यापुरते नाही. फण वरची कोरडी माती बाजूला सारतो, तळाशी ओल उघडी करतो आणि त्याच क्षणी नळीतून दाणा त्या ओलीवर पडतो. मागून फिरणारी फळी किंवा कुळव तास बुजवून माती हलकेच बसवतो. तास उघडणे, दाणा टाकणे, झाकणे आणि दाबणे ही चार कामे नीट झाली तरच उगवण एकसारखी होते.

आता मातीच्या आत काय घडते ते पाहू. वाळलेला दाणा कमालीचा तहानलेला असतो. मक्याचा दाणा आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के, तर सोयाबीनचा सुमारे 50 टक्के पाणी शोषतो, तेव्हा कुठे कोंब हलतो. हे पाणी मातीच्या कणांभोवतीच्या पातळ थरांतून आणि बारीक पोकळ्यांतून येते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसे हे बारीक छिद्रांचे काम चालते. छिद्र मोठे झाले की ओढ तुटते. म्हणून ढेकळांच्या रानात सोयाबीनचा टपोरा दाणा दोन-तीन ठिकाणीच मातीला टेकतो. रागीचा जेमतेम दीड मिलिमीटरचा दाणा तर ढेकळांच्या फटीत हरवूनच जातो.

केवळ स्पर्शानेच सगळे होते असेही नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पेंडलटनच्या शास्त्रज्ञांनी गव्हाचे दाणे आणि ओली माती यांमध्ये काचतंतूंचे कापड ठेवून पाहिले. दाणे मातीला टेकलेच नाहीत, तरी उगवणीत फार फरक पडला नाही. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की मातीच्या हवेतली वाफही दाण्याला भरपूर पाणी पोचवते. ज्या मातीत रोपे सुकून माना टाकतात, त्या मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतही आर्द्रता जवळजवळ 99 टक्के असते. मात्र तास उघडा राहिला किंवा वर ढेकळांच्या फटी राहिल्या, तर बाहेरची कोरडी हवा आत शिरते आणि ही वाफ निघून जाते. म्हणजे तास नीट बुजवून दाबण्याचे दोन फायदे आहेत: दाण्याला माती भिडते आणि वाफ आत कोंडून राहते.

जुनी यंत्रे इथेच कमी पडतात. फणाच्या टोकाला बसवलेले फारोळे झिजून बोथट झाले की अरुंद, टणक तळाचा तास पडत नाही. रुंद आणि भुसभुशीत चर पडतो. त्यात दाणे विखुरतात, काही खोल, काही वर. स्प्रिंगचा ताण गेला की कठीण जागी फण उचलला जातो. ट्रॅक्टरच्या चाकांखाली दबलेल्या पट्ट्यातले दाते नेहमी उथळ चालतात. नळी मध्येच चिरली किंवा तिचे तोंड वर सरकले, की दाणा तळाशी पोचण्याआधी माती ढासळते आणि दाणा कोरड्या थरात अडकतो. यंत्र घाईने पळवले तर या सगळ्या दोषांत भरच पडते.

यातले बहुतेक दोष गावच्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात दूर होतात. फारोळी एकाच लांबीची करून घ्यावीत, टोकाला कठीण धातूचा थर द्यावा. चिरलेल्या नळ्या बदलून त्यांची तोंडे फणाच्या अगदी मागे, तासाच्या तळाजवळ आणावीत. सपाट जागेवर यंत्र टेकवून सगळे दाते एका पातळीत आहेत का ते पाहावे. चाकांच्या मागचे दाते थोडे खाली घ्यावेत. मागे जड साखळी किंवा लाकडी फळी जोडली तर तास बुजतो. जमल्यास प्रत्येक ओळीमागे छोटे दाबचाक लावावे.

दाबण्यालाही मर्यादा आहे. म्हैसूरच्या तांबड्या मातीवर पेरणीनंतर जोराची सर आली की वर कडक पापुद्रा धरतो आणि रागीच्या नाजूक कोंबाला तो फोडता येत नाही. आपली काळी माती ओली असताना दाबली तर चिखलासारखी चोपते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दाण्याच्या बाजूची माती घट्ट आणि वरचा थर मोकळा, हे ध्येय ठेवावे. त्यासाठी वापसा हीच खरी वेळ. मूठभर माती दाबून गोळा करावा, कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. फुटून भुगा झाला तर वापसा आला. गोळा तसाच राहिला तर थांबावे.

महाराष्ट्रात दरवर्षी मृगाच्या पहिल्या सरीवर घाई होते, मग पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे संकट येते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते ते याचसाठी: वरचा थर वाळला तरी खालची ओल दाण्यापर्यंत पोचत राहावी. पण पुरेसा पाऊस होऊनही यंत्राने दाणा कोरड्या मातीत टाकला, तर दोष पावसाचा नसतो. बियाण्याच्या पिशवीचा भाव, मजुरी, डिझेल आणि हातची गेलेली वेळ हे सारे त्या दोन सेंटीमीटरमध्ये बुडते.

तेव्हा यंदा चाड्यावर मूठ धरण्याआधी एक काम करा. शेताच्या कोपऱ्यात दोन-चार तास पाडा, यंत्र थांबवा आणि खुरप्याने त्यातला एक मीटर हलक्या हाताने उकरा. दाणे एकाच खोलीवर आहेत का, त्यांच्याखाली ओली आणि टणक माती आहे का, वर ढेकळांच्या फटी आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. प्रत्येक दात्याचा तास असा तपासा. जिथे चूक दिसेल तिथे पाना हातात घ्या, आणि मगच उरलेले रान पेरा. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसेल, तरी या तपासणीला पैसा लागत नाही.