मावशींचा जाड केसपेपर

सकाळी 9. भोर-महाड रस्त्यावर एसटी थांबली की हिर्डोशीच्या दवाखान्याचा व्हरांडा भरतो. लावणीचे दिवस, कंबरा, ताप, चिखल्या. भराभर हातावेगळं.

10.30. मावशी. "बाई, डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येत्यात, झोप न्हाई." महिन्यात त्यांच्या दोन-तीन खेपा ठरलेल्या. रक्त भोरला तपासलं, फोटो पुण्यात काढले, सगळं नॉर्मल. कॅल्शियम आणि सुई यांवर बोळवण होत आलेली. 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा आजारांच्या शंभरातल्या 85 जणांना उपचार मिळत नव्हते. याचा अर्थ ते दवाखान्याची पायरी चढत नव्हते असा नाही. मावशी आमच्या कायमच्या!

आज नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा कागद काढला. कशात मन लागतं का? "मन लागून काय करायचं? काम तर करावंच लागतंय." नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याचा, त्याआधी सुनेला बाहेर बसवलं. "तसलं न्हाई मनात." गुण 16. फ्ल्युऑक्सेटीन लिहिली. सुईनं संध्याकाळपर्यंत बरं वाटतं. ही गोळी दोन-तीन आठवडे थांबायला लावते. रांग खोळंबली, तरी हे दोनदा समजावलं.

हे उपचार गावाजवळच व्हावेत असं 1982च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातच ठरलंय. लोकांच्या तोंडी मात्र अजून एकच नाव, येरवड्याचं मनोरुग्णालय.

12.30. पुतण्या चुलत्याची मानसिक आजारावरची गोळी, ओलान्झापिन, न्यायला आला. चुलते स्वतः कधीच येत नाहीत. "त्यांना कुठं आणता, लोकं बघत्यात." या गोळीनं वजन आणि साखर वाढू शकते. त्यांची साखर कधी तपासली? पुतण्याला आठवेना.

3. आशाताईंबरोबर वर वाडीला. पावसात निसरडी वाट. चुलते ओट्यावर बसलेले, शांत. बोटाला सुई टोचून घेतली, कुरकुर नाही. साखर 238. रोज घरात गोळी देणारी माणसं, पण अंगाचं दुखणं कुणी विचारलेलं नाही. जो वेडा ठरला त्याला मधुमेह कसा होईल, असंच जणू. उपाशीपोटी तपासायला उद्या सकाळी त्यांनाच आणा म्हटलं. घरचे गप्प. शेवटी आशाताईंनी दटावलं, "मी येते न्यायला."

5.30. मावशींच्या सुनेला दिलेल्या कागदावर मघाशी 14416 लिहिला होता. टेलिमानसचा हा फोन दिवसरात्र चालतो, पण त्यांच्या घरी रेंज नाही, हे आशाताईंनी आत्ता सांगितलं. मग आशाताईंचाच नंबर सुनेकडे द्यायचं ठरलं. फ्ल्युऑक्सेटीनच्या स्ट्रिप मोजल्या. मावशींना महिनाभर पुरतील; पुढच्यासाठी भोरला मागणी लिहिली.