पक्षाची घटना कोणी वाचली आहे?

२०२२च्या जानेवारीत गोवा काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रॉसपाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. २०१९मध्ये पक्षाच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली होती, म्हणून हा बंदोबस्त. निवडणुकीत ११ जण आले. १४ सप्टेंबरला त्यांतले ८ भाजपमध्ये गेले.

दोन्ही वेळचे आकडे नीट पाहा. १५चे दोन तृतीयांश १०; ११चे दोन तृतीयांश साडेसातच्या आत, म्हणजे माणसं ८. दोन तृतीयांश एकत्र गेले, तर आमदारकी वाचते. देवाच्या शपथेपेक्षा राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाचा हिशेब पक्का निघाला.

या परिशिष्टाचं मूळ १९६७ सालात आहे. हरियाणात गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्दप्रयोग राजकारणात रूढ झाला. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९६९मध्ये नोंदवलं की, पाहणीतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं होतं. दुखणं उघड होतं, औषध यायला मात्र १९८५ उजाडलं. तोवर राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नव्हता. ५२व्या घटनादुरुस्तीने तो आला.

कायद्याने एक तृतीयांशांची फूट माफ केली होती. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली आणि मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादाही घातली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचं दार मात्र उघडंच राहिलं. किरकोळीला बंदी, घाऊकीला मुभा! शिवाय पक्षादेश, म्हणजे व्हिप, विश्वासदर्शक ठरावापुरता नाही, कुठल्याही विधेयकाला लागतो. दिनेश गोस्वामी समितीने तो मोजक्या मतदानांपुरता ठेवावा, असं १९९०मध्येच सुचवलं होतं. कोणत्याच सरकारने ते मनावर घेतलं नाही.

परिणाम काय होतो, हे २०२२च्या उन्हाळ्यात दिसलं. ब्रिटनमध्ये पन्नासहून अधिक जणांनी सरकारी पदांचे राजीनामे दिले आणि ७ जुलैला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. बंड करणारे पक्षातच राहिले, सरकारही त्याच पक्षाचं राहिलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात एकनाथ शिंदेंसोबत शिवसेनेचे नाराज आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीच्या हॉटेलात. २९ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, सरकार गेलं, पक्ष दुभंगला. नेता बदलण्याची सोय पक्षात नसली की नाराजी बाहेरचा रस्ता शोधते, आणि बाहेर तिला गाठायला सत्ता आणि पैसा टपलेलेच असतात.

मग खरी शिवसेना कोणती? निवडणूक आयोगाने पक्षाची घटना तपासली. २०१८मधली दुरुस्ती आयोगाच्या दफ्तरी नव्हती आणि पदाधिकारी निवडण्याऐवजी नेमण्याची तिची पद्धत आयोगाला लोकशाहीविरोधी वाटली. घटनेची कसोटी अशी बाद झाल्यावर उरली आमदार-खासदारांची मोजदाद. १७ फेब्रुवारी २०२३ला नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंकडे गेले. वर्षभराने, तशाच फुटलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसचं घड्याळही विधिमंडळातल्या संख्याबळावरच अजित पवारांना मिळालं. गावोगावी झेंडे बांधणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचं मत दोन्ही वेळा निर्णायक ठरलं नाही. तो मोजता येईल अशी विश्वासार्ह सभासद नोंदणी आणि खुली निवडणूक आपल्याकडे किती पक्षांत होते?

पक्षांशिवाय लोकशाही चालत नाही, हे खरंच. विखुरलेल्या मागण्यांचा कार्यक्रम बनवणं, सरकारला जाब विचारणं, सामान्य घरातल्या पोराला जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत नेणं हे पक्षच करतात. म्हणूनच जर्मनीच्या राज्यघटनेतलं २१वं कलम पक्षांना बजावतं की, तुमची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांनुसारच हवी. आपला कायदा आमदाराला नेत्याशी बांधतो. नेत्याला सभासदांशी बांधणारी तितकी कडक तरतूद त्यात नाही. ती येईपर्यंत पक्षांतरबंदी कितीही कडक केली, तरी आमदारांचा जथा पुढचं हॉटेल शोधेलच.