लोखंडाला उजेड धरून ठेवता येईल?

सूर्यप्रकाशावर रासायनिक क्रिया घडवायची असेल, तर प्रकाश शोषणारा रेणू हवा आणि शोषलेली ऊर्जा त्याने थोडा वेळ सांभाळायला हवी. रुथेनियम धातूभोवती बायपिरिडीनचे तीन रेणू बांधलेलं नारिंगी संयुग यात पटाईत आहे. निळा प्रकाश पडताच धातूवरचा इलेक्ट्रॉन बायपिरिडीनवर जातो. ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाण्यात ही उत्तेजित अवस्था सुमारे ६०० नॅनोसेकंद टिकते. शेजारच्या रेणूला इलेक्ट्रॉन द्यायला तेवढा वेळ पुरतो.

पण रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. त्याच्या जागी मुबलक लोखंड घातलं, तर लालभडक संयुग प्रकाश भरपूर शोषतं, पण उपयोग होत नाही. असं का?

उत्तर वर्णपटानं दिलं. लेसरचा पहिला झोत संयुगाला उत्तेजित करतो, दुसरा किंचित उशिरा येऊन त्याचा वर्णपट टिपतो. उशीर मोजायला घड्याळ लागत नाही. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन प्रकाशाची वाट ०.३ मिलिमीटरने वाढते, म्हणजेच एका पिकोसेकंदाचा उशीर. या पद्धतीचं मूळ नॉरिश आणि पोर्टर यांच्या प्रयोगांत आहे. त्यासाठी त्यांना १९६७ साली नोबेल मिळालं. फेम्टोसेकंदांपर्यंत ती नेणाऱ्या अहमद झेवेल यांना १९९९ मध्ये.

बायपिरिडीनवर इलेक्ट्रॉन असताना ३७० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचा पट्टा दिसतो. रुथेनियमच्या संयुगात तो टिकतो. लोखंडाच्या संयुगात मात्र शे-दोनशे फेम्टोसेकंदांतच नाहीसा होतो. इलेक्ट्रॉन धातूवरच्या कमी ऊर्जेच्या अवस्थेत घसरतो आणि तिथून बाहेरचं काम होत नाही.

गळती कुठे हे कळल्यावर उपाय सुचला. ती घातक पातळीच वर उचलायची. त्यासाठी स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी लोखंडाला घट्ट धरणारे कार्बीन-गट जोडले. २०१७ मध्ये त्यांचं एक संयुग सामान्य तापमानाला चमकलं आणि त्याची उत्तेजित अवस्था १०० पिकोसेकंद टिकली. पाठोपाठच्या संयुगानं २ नॅनोसेकंदांपर्यंत मजल मारली आणि दुसऱ्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणही केली.

रुथेनियमची बरोबरी अजून दूर आहे. पण लोखंड या कामाला नालायक, हा समज मात्र आता टाकून द्यायला हवा.