शाईची किंमत आणि मालकीचा प्रश्न

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण संगणकाच्या प्रिंटरला जितकी चपखल लागू पडते, तितकी ती अन्य कोणत्या वस्तूला क्वचितच लागू पडत असेल. स्वस्त इंकजेट प्रिंटरची कार्ट्रिजे दोन-तीन वेळा बदलली की तो खर्च अनेकदा यंत्राच्या किमतीच्या घरात जातो. साहजिकच कंपनीची ‘ओरिजिनल’ शाई घ्यावी की बाजारात मिळणारी स्वस्त ‘कॉम्पॅटिबल’ शाई घ्यावी, असा पेच घरोघरी, कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत पडतो. हा केवळ काटकसरीचा प्रश्न आहे असे मानले जाते. वस्तुतः त्याच्या मुळाशी मक्तेदारीचा आणि मालकी हक्काचा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम ही किंमत अशी का ठरते, ते पाहू. दाढीचे यंत्र स्वस्त आणि पाती महाग, हे तंत्र व्यापारात जुनेच आहे. प्रिंटरच्या बाजारात अनेक कंपन्यांची स्पर्धा असते. म्हणून तेथे किंमत उतरते. परंतु एकदा यंत्र घरी आले की त्याला बसणारे कार्ट्रिज एकाच कंपनीचे. पहिल्या बाजारात सोडलेला नफा दुसऱ्या बाजारात सव्याज वसूल होतो. कंपन्यांचा यावर युक्तिवाद असा की, ज्याला महिन्याकाठी चार पाने छापावयाची आहेत त्याला त्यामुळे यंत्र स्वस्तात मिळते आणि भार अधिक छापणाऱ्यावर पडतो. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मात्र खरेदीच्या वेळी प्रत्येक पानाचा खर्च ग्राहकाला ठाऊक असेल, तरच तो टिकतो. प्रत्यक्षात दुकानात यंत्राची किंमत ठळक असते आणि पानामागील खर्चाचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कंपनीबाहेरची शाई म्हणजे एकच वस्तू नव्हे. जुन्या कार्ट्रिजमध्ये पुन्हा भरलेली शाई, स्वतःच्या नावाने विकले जाणारे पर्यायी कार्ट्रिज आणि मूळ कंपनीचे खोटे वेष्टन चढवलेला नकली माल, या तीन गोष्टी भिन्न आहेत. पहिल्या दोहोंत सामान्यतः प्रामाणिक व्यापार आहे; तिसरी सरळसरळ फसवणूक आहे. ‘डुप्लिकेट’ या एकाच शब्दात तिन्ही कोंबल्याने मूळ कंपनीचे फावते. शिवाय यंत्रायंत्रांतही फरक असतो. काही प्रिंटरांत छपाईचे मुख कार्ट्रिजमध्येच असते. तेथे वाईट शाईने नुकसान झालेच तर ते त्या कार्ट्रिजपुरते. जेथे मुख यंत्रात कायमचे बसवलेले असते, तेथे ते तुंबले तर दुरुस्ती महागात पडते. दीर्घकाळ टिकावयाचे दस्तऐवज अथवा छायाचित्रे छापणाऱ्याने मूळ शाईला प्राधान्य देणे शहाणपणाचे. रोजच्या मसुद्यांना ती चैन आहे.

परंतु ही निवड ग्राहकाच्या हाती राहू द्यावयाची की नाही, हाच कळीचा मुद्दा आहे. कार्ट्रिजवर इलेक्ट्रॉनिक चिप बसवून परकी शाई यंत्रानेच नाकारावी, अशी व्यवस्था आज अनेक ठिकाणी आहे. २०१६ च्या सप्टेंबरात एचपी कंपनीच्या कित्येक प्रिंटरांनी तोवर चालत असलेली पर्यायी कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. असे निर्बंध ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये त्या कंपनीस १ कोटी युरोंचा दंड ठोठावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात निर्वाळा दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. रिकामे कार्ट्रिज भरून विकणाऱ्यास पेटंटच्या आधारे रोखता येणार नाही. विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची असते, हे व्यवहाराचे आद्य तत्त्व सांगण्यासाठी न्यायालयाला बोलावे लागले, यातच सारे आले!

स्पर्धेने नव्या संशोधनाचा गळा घोटला जातो, हा आक्षेपही अनुभवाला धरून नाही. इंडोनेशियासारख्या देशांत लोकांनीच प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडण्यास प्रारंभ केला. त्याची दखल घेऊन एप्सन कंपनीने २०१० मध्ये तेथेच टाकीचा प्रिंटर बाजारात आणला. त्यात यंत्र महाग, पण बाटलीतील शाई स्वस्त. आज आपल्या बाजारपेठेतही असे प्रिंटर सर्रास दिसतात. पर्यायी शाईवाल्यांचा तगादा नसता, तर हा बदल इतक्या सहजी घडला असता काय?

आपल्याकडेही या विचाराला आधार आहे. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या १४ कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये संकेतस्थळही उघडले. शाईचा प्रश्न याच जातीचा आहे. पानामागील खर्च मोजण्याची आंतरराष्ट्रीय मानके उपलब्ध आहेत. त्यांनुसार तो आकडा प्रिंटरच्या खोक्यावर ठळकपणे छापणे सक्तीचे करावे. परक्या शाईला मज्जाव असेल तर तेही तेथेच सांगावे. पर्यायी शाईनेच बिघाड झाला हे कंपनीने सिद्ध केल्याखेरीज हमी नाकारता येऊ नये. आणि सरकारी कार्यालये व महाविद्यालये यांनी निविदा मागवताना केवळ यंत्राची किंमत न पाहता पाच वर्षांच्या शाईसह एकूण खर्च पाहावा. यंत्रावर वाचलेला पैसा पुढे किरकोळ खर्चाच्या सदराखाली दुपटीने जात असेल, तर त्या काटकसरीला अर्थ नाही.

तोवर ग्राहकाने स्वतःपुरता एक साधा भागाकार करावा: कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातून निघणारी पाने. मूळ शाई खरोखरच सरस असेल, तर या हिशेबातही ती टिकेल. तिला चिपच्या कुलुपाची गरज पडू नये.