डिझेल मोटारींवर मुंबईत बंदी नाही, मग त्या गेल्या कुठे?

बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत नवी गाडी घ्यायचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, ‘डिझेल नको, दहा वर्षांनी भंगारात द्यावी लागते.’ हा नियम मूळचा दिल्ली परिसराचा. राष्ट्रीय हरित लवादाने तो २०१५ साली लावला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. मुंबईत खासगी डिझेल मोटारीची नोंदणी पेट्रोलसारखीच १५ वर्षांची. पुढे फिटनेस तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून मिळते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमली. तिचीच ‘बंदी आली’ अशी अफवा झाली.

डिझेल मागे पडलं ते हिशेब बिघडल्यामुळे. २०१२ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या दरात लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ती बचत आटली. महाराष्ट्रात डिझेल मोटारीला वाहन करही जास्त. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर उतरली. त्यासाठीची यंत्रणा छोट्या गाडीत परवडेना, म्हणून मारुतीने डिझेल मोटारी बंदच केल्या.

‘डिझेल म्हणजे काळा धूर’ हा समजही आता जुना झाला. बीएस-६ गाडीत काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये अडते आणि एक्झॉस्ट पुरेसा तापला की तिथेच जळून जाते. घोडं अडतं ते इथेच. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर किंवा घाटकोपरच्या एलबीएस मार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीला तेवढी उष्णता मिळत नाही. काजळी साचते, डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. मग गाडी हायवेवर एकसारख्या वेगाने थोडा वेळ पळवावी लागते. रोज घर ते अंधेरी स्टेशन एवढंच जाणं असेल, तर सीएनजीच बरा. दर आठवड्याला नाशिक-कोल्हापूर गाठणाऱ्याला मात्र डिझेल आजही परवडतं.

काही गॅरेजवाले फिल्टर काढून टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. ती सगळी काजळी आपल्याच मुलांच्या फुप्फुसांत जाते. आणि अफवेला घाबरून धडधाकट गाडी मातीमोल विकण्याआधी आरसी बुकावरची नोंदणीची मुदत एकदा वाचा.