आय फील युअर पेन... खरंच?

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला क्लायंटचा मेल येतो. सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन हवंय! शेजारच्या क्युबिकलमधून लगेच आवाज, 'आय फील युअर पेन, यार!' आणि हा यार बॅग खांद्यावर टाकून लिफ्टकडे पसार. अप्रेझलमध्ये मिळालेली चिमूटभर वाढ, कँटीनची तीच ती भाजी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला दीड तास... सगळ्यावर हे एकच मलम.

मीही हे वाक्य वाट्टेल तिथे फेकायचो. मग टीममधल्या मित्राचे वडील गेले. तेरावं उरकून तो कामावर आला, त्या सकाळी मी त्याला चॅटवर हेच लिहिलं. अगदी मनापासून, बरं का! पाच मिनिटांनी उत्तर आलं, 'तुझे बाबा आहेत ना रे अजून?' पुढे काहीच नाही.

झोंबलं. म्हणून या वाक्याचं कूळ शोधायला बसलो. ते गाजलं बिल क्लिंटन यांच्यामुळे. मार्च १९९२, न्यूयॉर्क. अध्यक्षपदाच्या प्रचारातल्या एका कार्यक्रमात 'अ‍ॅक्ट अप' या संघटनेचे बॉब रॅफस्की उभे राहिले आणि एड्सबद्दल तुम्ही काय करणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. ते स्वतः एचआयव्हीबाधित होते. शब्दाला शब्द वाढला आणि त्या खडाजंगीत क्लिंटन म्हणाले, 'आय फील युअर पेन.' वर हेही सुनावलं, की पटत नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठिंबा द्या! म्हणजे आज ज्याला आपण फुंकर समजतो, ते वाक्य चक्क भांडणातलं आहे. पुढे त्याची इतकी टिंगल झाली, की इंग्रजी बोलणारेही ते बऱ्याचदा अर्ध्या गमतीतच वापरतात. रॅफस्की १९९३ मध्ये गेले.

मग बोलायचं काय? 'आय फील फॉर यू' बरं. त्यातला 'फॉर' महत्त्वाचा. दुःख तुझं, वाईट मला वाटतंय, एवढंच तो सांगतो. 'माय हार्ट गोज आउट टू यू' थोडं भारदस्त आहे, पूर-भूकंपानंतरच्या निवेदनांत शोभणारं. 'सॉरी फॉर युअर लॉस' मात्र मृत्यूसाठीच. त्यातला 'सॉरी' माफीचा नव्हे, हळहळीचा. या तिन्हींत कुणी दुसऱ्याच्या वेदनेवर हक्क सांगत नाही. 'आय फील युअर पेन' सांगतं.

तसा आपला 'सहानुभूती' शब्दही काही कमी नाही. सह आणि अनुभूती, म्हणजे दावा तोच! पण 'मला तुझ्याबद्दल सहानुभूती आहे' असं मित्राच्या तोंडावर कोण म्हणतं? म्हणून बघा, शिव्याच बसतील. आपण 'भेटायला' जातो. गप्प बसतो, पुढ्यात आलेला अर्धा कप चहा घेतो, निघताना 'काही लागलं तर सांग' म्हणतो. एवढं करायचं सोडून मी तीन फुटांवरच्या माणसाला चॅट केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला खाली टपरीवर नेलं. 'काय झालं होतं रे बाबांना?' एवढंच विचारलं. आजारपणाचं त्याने दोन वाक्यांत आटपलं. मग वडिलांच्या जुन्या स्कूटरबद्दल बोलत राहिला, ती कशी तिरकी केल्याशिवाय सुरूच व्हायची नाही... अर्धा तास. मी मधूनमधून 'मग?' म्हणत होतो. चहाचे पैसे त्यानेच दिले.